कच्चा टाका

३ मार्च, सोमवार

पहिल्या टॉवरचा खालचा तुकडा आज रंगाच्या शेडमधून बाहेर आला. फिकट करडा, आडवा, पोलादी टेकूंच्या पाळण्यांवर निजवलेला. आत शिरले आणि उगीचच "कोण आहे?" म्हणाले. माझाच आवाज पलीकडच्या टोकाला जाऊन परत आला, जरा जाडा होऊन. मागे वेल्डिंगचा फोरमन उभा होता, त्याने ऐकलं. "अजून भाडेकरू ठेवलेले नाहीत, मॅडम," म्हणाला. त्याला सगळे 'ठिणगी' म्हणतात. तोंडावर कुणी म्हणत नाही, मीही इथेच म्हणते.

वीस तारखेला जहाज येणार. भर समुद्रात उभे राहणारे आमच्या कारखान्याचे हे पहिलेच पवनचक्कीचे टॉवर, आणि तीस वर्षं टिकतील असं लिहून खाली सही करायची ती मी. जमिनीवरचे इतके केले, पण तेव्हा पहाटे दचकून जाग येत नसे.

घरी आले तर मामंजी दाराशी खुर्ची ओढून बसलेले. "पुढे सरकला का तुझा टॉवर?" हल्ली हाच त्यांचा पहिला प्रश्न. मला फार बरं वाटतं. त्यांच्या लेकाने इतक्या वर्षांत एकदा तरी असं विचारलंय का? तो मालवाहू जहाजावर असतो, पोलाद म्हटलं की त्याला फक्त गंज आठवतो.

जेवताना त्यांनी पुन्हा स्वतःच्या घरी जायचा विषय काढला.

"मामंजी, हा एक टॉवर जहाजावर चढू दे. मग निवांत बोलू."

"चढला की?"

"चढला की."

त्यांनी मान डोलावली आणि सूप संपवलं.

६ मार्च, गुरुवार

टॉवरमध्ये देखभालीला जाणाऱ्या लोकांच्या साहेबाचा फोन. आतल्या भिंतीला, दरवाज्याजवळ, हत्यारांच्या पिशव्या टांगायला पाच-सहा हुक वेल्ड करून हवेत. मी नाही म्हटलं.

"बाई, खुंटीने कधी घर पडतं का?"

"घराच्या भिंतीला लाटा लागत नाहीत. चुंबकाचे हुक मिळतात, ते लावा. भिंतीला काहीही जोडायचं नाही."

"तुम्ही फारच जपता हो त्याला."

जपते म्हणूनच जोडू देत नाही, हे त्यांना कसं सांगावं? फोन ठेवल्यावर वाटलं, जरा तोडून बोललो आपण.

संध्याकाळी मामंजींना घेऊन डॉक्टरकडे. हिवाळ्याच्या सुरुवातीला ते त्यांच्या घरी स्टुलावरून पडले आणि जवळजवळ अर्धा दिवस जमिनीवरच होते. खालच्या दुकानदाराने दार वाजवलं नसतं तर? तेव्हा मी "चार दिवस या" म्हणून त्यांना आणलं. बाथरूममध्ये दांडा लावला, पलंगाला कठडा, जिन्याला दोन्ही बाजूंनी आधार, गळ्यात दाबायची घंटी. खरचटणंसुद्धा बरं झालंय आता. पण डॉक्टर म्हणाले, पायांतली ताकद उलट कमी झालीये. मला समजत नाही, इतकं डोळ्यांत तेल घालून बघते मी.

येताना सुताराला निरोप दिला. बैठकीच्या खोलीतही भिंतीला एक दांडा लावून घेते.

८ मार्च, शनिवार

सुट्टी. मामंजींनी आज चहा घेताना विचारलं, "एवढं जाड पोलाद, ते मोडेलच कसं?"

त्यांना सांगायला मजा येते, कारण ते मध्येच घड्याळ बघत नाहीत. म्हटलं, एका दणक्याने नाहीच मोडत. पण वारा आणि लाटा टॉवरला सारखं हलवतात, आपल्या डोळ्यांना दिसणारही नाही इतकं. दिवसरात्र, वर्षानुवर्षं. पोलाद थकतं. आणि थकवा सगळीकडे सारखा येत नाही. जिथे काही जोडलंय, छिद्र पाडलंय, कोपरा आलाय, तिथे ओढ गोळा होते. तडा तिथूनच सुरू होतो. तुमच्या भाषेत सांगायचं तर कापड गुंडीपाशीच आधी विरतं ना, तसं.

"गुंडी काढून टाकली तर थंडी वाजते," ते म्हणाले.

"म्हणून गुंडी लावायची, पण विचार करून. टॉवरला दरवाजा लागतोच. मग त्याच्याभोवती जाडजूड चौकट देतो. उगीच खुंट्या मात्र नाहीत."

मग त्यांना सांगितलं की दोन पत्रे पक्के जोडायच्या आधी वेल्डिंगचा छोटा ठिपका देतात, त्याला आमच्याकडे 'टाका' म्हणतात. त्यांची कळीच खुलली. आयुष्यभर कोट शिवले त्यांनी.

"आणि कच्चा टाका? तोही असतो?"

"असतो की. काम होईपर्यंत एखादा तुकडा धरून ठेवायला."

"मग काढता ना नंतर? बघ हं. कच्चा टाका माप जुळेपर्यंतच. तसाच ठेवून कोट दिला की गिऱ्हाईक गावभर पांढरा दोरा मिरवत फिरतं, आणि नाव मात्र शिंप्याचं जातं."

खूप हसलो. इतक्या दिवसांनी त्यांना असं हसताना पाहिलं. सुतार आला तेव्हा मात्र आत जाऊन पडले.

११ मार्च, मंगळवार

दिवसभर हिशेब. मामंजींना बजावलंय, मी आल्याशिवाय जिना उतरायचा नाही. हल्ली ऐकतात. पूर्वी कुणाचं ऐकायचे नाहीत.

१४ मार्च, शुक्रवार

आज नको ते सापडलं.

सहीच्या आधीची शेवटची फेरी. आत थंडी फार, म्हणून अंगात मामंजींनी शिवलेलं ते जुनं लोकरी जाकीट. मला पहिली नोकरी लागली तेव्हा शिवून दिलं होतं त्यांनी. दरवाज्याच्या चौकटीच्या वरच्या बाजूला दिवा धरून भिंत पाहत होते आणि बाही कशात तरी अडकली. ओढली, तर टर्रकन फाटली.

भिंतीला एक कान होता. कपाच्या कानाएवढा, वाकवलेल्या सळईचा, दोन्ही टोकं वेल्ड केलेली. नकाशात कुठेही नाही. भिंतीबरोबर त्यालाही तितक्याच प्रेमाने रंग दिलेला. तपासणाऱ्यांच्या नजरेतून तो कसा सुटला ते कळतं: सगळं इतकं नीटस करडं होतं की तो तिथलाच वाटत होता.

आणि जागा तरी कुठली! जिथे ओढ सगळ्यांत जास्त, बरोब्बर तिथे.

थोडा वेळ आतच बसून राहिले. कुणी पाहिलेलं नव्हतं. आपणही पाहिलं नाही असं करता येईल, हे मनात आलं, ते इथे लिहून ठेवते. मग उठले आणि खडूने त्याच्याभोवती गोल काढला.

१५ मार्च, शनिवार

सुट्टी असून गेले. ठिणगीचा तिळपापड झाला. "माझ्या माणसांनी नाही लावला."

"मग काय टॉवरला आपोआप कान फुटला?"

"एवढासा तर आहे! टॉवर केवढा, कान केवढा! त्याने काय ढिम्म होत नाही, मॅडम."

मी त्याला बाजूला बसवून आकडे दाखवले. कान भिंतीवर जड होत नाही, तो भिंतीची ओढ आपल्या मुळाशी ओढून घेतो. त्या जागेचं आयुष्य निम्म्याहून खाली येतं. आज जन्मलेली लेकरं शाळेतून बाहेर पडायच्या आत तडा जाईल.

त्याने हातमोजे काढून ठेवले. मग म्हणाला, "चौकट बसवताना दिव्याची वायर पायात येत होती. एक जण अडखळून पडता पडता वाचला. मीच म्हटलं, वर टांगा, कान लावा एक. कच्चा टाका होता, मॅडम. काढायचा राहून गेला."

मी चमकले. तेच शब्द. पण त्याला राग यायचा, म्हणून हसले नाही. वाईट हेतूने कुठे लावला होता? कुणी पडू नये म्हणूनच तर.

आता प्रश्न वेळेचा. कान कापायचा, भिंत घासून सपाट करायची, आत तडा नाही ना ते तपासायचं, पुन्हा रंगाचे थर, ते वाळायला वेळ. सगळं वीस तारखेच्या आत. तडा निघाला आणि खोल असला तर हा तुकडा मागेच राहील. पुढचं जहाज सात आठवड्यांनी.

मामंजींना सांगितलं. त्यांनी फाटकी बाही हातात घेतली होती, ती मांडीवर ठेवली.

"सात आठवडे?"

"तसं झालं तर."

"आणि कान तसाच ठेवला तर वीस तारखेला चढतो?"

"चढतो."

ते खिडकीबाहेर पाहत राहिले. मग बाही पुन्हा उचलून म्हणाले, "काढच तो. चुकलेली शिवण उसवायला लाजायचं नाही." किती समजून घेतात माझं काम.

बाही हाताने शिवायला घेतली त्यांनी, पण दोनदा उसवली. "मशीन पाहिजे," म्हणाले. त्यांचं मशीन तिकडे, त्यांच्या घरी. मी म्हटलं, राहू दे, नवीन घेईन जाकीट. त्यांनी बाही घडी करून बाजूला ठेवली.

१६ मार्च, रविवार

नवऱ्याचा फोन. आवाज तुटत होता. "बाबा कसे आहेत? जाऊबिऊ देऊ नकोस त्यांना." म्हटलं, नाही देत. "तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे." फोन संपल्यावर स्वयंपाकघरात उभी राहिले. मुलगी शिकायला गेल्यापासून या घरात संध्याकाळी दिवा लागलेला असतो तो मामंजींमुळेच. हे आपलं सहजच सुचलं.

१८ मार्च, मंगळवार

कान काढायला ठिणगी स्वतः आला. त्याच्या हाताखालच्या माणसांना त्याने बाहेर काढलं. "तुम्ही थांबा, मॅडम. पण हात मागे ठेवा, मध्ये मध्ये नको."

हातोड्याने उडवला असता तर क्षणाचं काम, पण तसं केलं की भिंतीचा लचका निघतो. त्याने बुंधा ठेवून कान कापला, आणि मग ग्राइंडरने तो बुंधा घासायला घेतला. हलक्या हाताने, टॉवरच्या लांबीच्या दिशेने, म्हणजे घासल्याच्या रेघाही ओढीला आडव्या येऊ नयेत. मध्येच थांबायचा, पोलाद गरम झालंय का ते बघायचा, पुन्हा घासायचा. इतका भडकू माणूस, आणि हाताला केवढी सबुरी.

भिंत सपाट झाली. तपासणाऱ्या मुलीने त्यावर पांढरा पातळ रंग मारला, चुंबक धरलं, लोखंडाच्या कणांची काळी शाई सोडली. तडा असेल तिथे कण ओळीने गोळा होतात.

गोळा झाले. केसाएवढी एक रेघ, नखाच्या लांबीची. अजून समुद्र पाहिलासुद्धा नव्हता त्या टॉवरने, आणि आतमध्ये रेघ.

"हे वेल्डिंग थंड होतानाच झालंय," ठिणगी पुटपुटला. त्याचा चेहरा पाहवेना.

आणखी घासायचं, पण भिंत किती पातळ होऊ द्यायची यालाही हद्द असते. त्याने किंचित घासलं. पुन्हा शाई. रेघ अर्धी. पुन्हा घासलं. मी जाडी मोजली. हद्द जवळ आली होती. आणखी एकदाच जमणार होतं.

"मॅडम, तुम्ही श्वास घ्या," तो म्हणाला. "मी तर सोडलेलासुद्धा नाही."

शाई सोडली. पांढऱ्यावर काहीच उमटलं नाही. काळे कण नुसतेच ओघळून गेले.

त्या जागी मी अंगठा फिरवला, मग डोळे मिटून पुन्हा फिरवला. कुठे होता ते सापडेना. जीव भांड्यात पडला. ठिणगी बाहेर जाऊन पाठमोरा उभा राहिला, आणि मी त्याच्याकडे चहा पाठवला. स्वतः नेला नाही, त्याला अवघड वाटलं असतं.

२० मार्च, गुरुवार

चढला. रंगाचा शेवटचा थर काल रात्रीच वाळला होता. क्रेनने उचलला तेव्हा जराही झुलला नाही. मी सही केली.

२१ मार्च, शुक्रवार

काल रात्री उशीर झाला, मामंजी झोपले होते. आज दाराशीच बसलेले. अंगात बाहेर जायचे कपडे, पायांत बूट, नाड्या नीट बांधलेल्या.

"चढला?"

"चढला, मामंजी! काल दुपारीच."

"वा." आणि थांबले. मीही थांबले. मग माझ्या तोंडून आपसूकच निघालं, "आता दुसऱ्याची घाई आहे. तो एकदा गेला ना, की..."

ते हसले. रागावले असते तर बरं झालं असतं. खाली वाकून हळूहळू नाड्या सोडायला लागले. मी मदतीला वाकले तर हातानेच थांबवलं.

"सूनबाई, एक विचारू? तो कान लावला तेव्हा गरजेचा होता ना?"

"होता. कुणी तरी पडलं असतं."

"मग चूक लावण्यात नव्हती."

"नाही. राहून गेला, ती चूक."

त्यांनी एक बूट काढून बाजूला ठेवला. "मी पण तुझ्याकडचा कच्चा टाकाच गं. पडलो होतो, तू धरून ठेवलंस. नसतं धरलंस तर उसवलोच असतो. पण माप जुळलं की तो काढायचा असतो."

मी म्हटलं, भाजी करपेल, आणि आत गेले. भाजी अजून चढवलीही नव्हती.

इतके दिवस रोज टॉवरची चौकशी करत होते. मला वाटायचं, त्यांना पोलादाची गोडी लागली.

२३ मार्च, रविवार

"जाकीट शिवायला चला," म्हटलं सकाळी. फक्त तेवढंच ठरलं होतं. तरी मी पिशवीत त्यांच्या गोळ्या, चष्म्याचा दुसरा जोड आणि लोकरी मोजे भरले. का भरले ते स्वतःला विचारलं नाही.

त्यांचं घर दुसऱ्या मजल्यावर, खाली त्यांचंच जुनं दुकान, आता तिथे किल्ल्या करून मिळतात. जिना अरुंद, कठडा एकाच बाजूला. मी पुढे होऊ लागले तर म्हणाले, "मागून ये. आणि हात मागे." ठिणगीच आठवला. ते पायरीवर थांबत, श्वास घेत, पुढचं पाऊल टाकत. एकदा पाय लटपटला. माझे हात पुढे गेले आणि हवेतच राहिले, कारण तोवर त्यांनी स्वतःला सावरलं होतं. वरच्या पायरीवर पोचल्यावर मागे वळून पाहिलं त्यांनी माझ्याकडे, परीक्षेचा निकाल लागल्यासारखं.

खोलीत धूळ होती. मशीन खिडकीपाशी. सुईत दोरा ओवायला त्यांना फार वेळ लागला. मी मुकाट बसून राहिले. दोरा गेला.

मग गळ्यातली घंटी काढून त्यांनी मशीनच्या चाकाशेजारी, हात पोचेल अशी टांगली. "गळ्यात नको. इथे असू दे."

"रोज सकाळी फोन करायचा मला. आणि खालच्या किल्लीवाल्याकडे एक किल्ली. आणि ते स्टूल मी घेऊन जाणार."

"ने बाई ने. स्टुलाचं आणि माझं तसंही पटत नव्हतं."

नवऱ्याला फोन करून सांगितलं. तो बराच वेळ बोलला. मी ऐकून घेतलं आणि म्हटलं, "भिंत तपासली आहे मी. पूर्ण." त्याला कळलं नाही.

निघताना पिशवी दाराशी ठेवली. त्यांनी पाहिली, आत काय आहे ते विचारलं नाही. येताना एका हातात जाकीट आणि दुसऱ्या हातात स्टूल. रस्त्यात लोक बघत होते.

घरात शिरताना सवयीने मी म्हणाले, "आले हं." बैठकीतला नवा दांडा तेवढा चकाकत होता.

२५ मार्च, मंगळवार

आज जाकीट नीट पाहिलं. बाही अशी शिवलीय की फाटली होती हे सांगूनही पटणार नाही. फक्त आतल्या बाजूला, अस्तरापाशी, पांढऱ्या दोऱ्याचा एक लांब टाका लोंबतोय. फोन केला.

"मामंजी, बाहीत कच्चा टाका राहिलाय एक."

मागे मशीनची खडखड चालू होती, ती थांबली. "राहिला? डोळे गेले बघ माझे."

"मी ओढून काढू का?"

"छे छे! तू पोलादातली. अस्तर उसवून ठेवशील. रविवारी घेऊन ये, मी काढतो."

आवाज मात्र खणखणीत होता. डोळे खरंच कमी झालेत वाटतं. रविवारी डोळ्यांच्या डॉक्टरलाही दाखवून आणावं.

२८ मार्च, शुक्रवार

दुसऱ्या टॉवरचा तुकडा आत आला. या वेळी रंगाच्या आधी प्रत्येक भिंतीवर हात फिरवायचा, असा ठिणगीने नियमच केलाय. सकाळी तोच पुढे, मी मागे. मध्येच थांबून त्याने माझ्या जाकिटाच्या बाहीच्या तोंडाशी दिवा धरला.

"मॅडम, दोरा लोंबतोय. कापू?"

"नको," मी म्हटलं. "तो रविवारपर्यंत राहू दे."